पार्सलमध्ये काय आहे

कुठल्याही समुद्रापासून मोजा,
आमचं नागपूर लांबच पडतं.
शून्य मैलापाशी चार घोडे
निघायच्या तयारीत उभे आहेत,
अजून उभेच आहेत.

मी मात्र गेले.
एक रात्र रेल्वेत, अर्धा दिवस एसटीत,
पिशवीत ज्वारीची भाकर, ठेचा, आणि लिमलेटच्या गोळ्या.

किनाऱ्यावरच्या त्या गावात हमिदा दर्वेश भेटली.
पुनवेनंतरच्या ओहोटीला
वाळूवर पहिलं पाऊल तिचं असतं.
म्हणाली, शोधू नकोस, नुसती चाल.
वाळूला जे नको झालंय ते आपसूक दिसतं.
मला दिसले: तीन शंख, एक घासून गुळगुळीत झालेली हिरवी काच,
आणि डाव्या पायाची रबरी चप्पल.
तीही ठेव, म्हणाली.

जुन्या जकात नाक्याच्या दोन खोल्यांत
तिनं सगळं मांडून ठेवलंय.
प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी, वळणदार अक्षरात.
‘निळी बशी, अर्धी. श्रावणात सापडली.’
‘जहाजाचा खिळा. जहाज कुणाचं, माहीत नाही.’
त्या ‘माहीत नाही’पुढे मी बराच वेळ थांबले.
एवढ्या सुंदर अक्षरात
मी कधी कबूल केलं नव्हतं काही.

निघताना तिनं विचारलं,
तुमच्याकडे काय येतं वाहून?
नाग नदीत काय वाहून येतं
ते पाहुण्यानं सांगू नये.
मी म्हटलं, कळवते.

घरी आले तर मे महिना, सेहेचाळीस अंश,
कूलरला वाळ्याचा वास
आणि कपाटातून शंखांचा.
शेजारची सुभद्रा निपाने दारातूनच नाक उडवत,
‘काहून वं, सुकी मासोळी आणली का?’

धकाते काका तेवढे हसले नाहीत.
अजब बंगल्यात बत्तीस वर्षं
त्यांनी काचेची कपाटं पुसली.
शंख कानाला लावला, हलवून पाहिला,
म्हणाले, उद्या सकाळी सहाला. टाकळीकडे. छत्री घे.

बिल्डिंगसाठी खणलेला खड्डा.
वर काळा कातळ, खाली काळा कातळ,
मधे बोटभर फिकट थर,
भाकरीत पिठलं राहून जावं तसा.
काकांनी एक तुकडा उचलला,
जीभ लावली, सदऱ्यावर पुसला, माझ्या तळहातावर ठेवला.
गोगलगाय. बोराएवढी. दगडाची.
तिचा पीळ अजून आत आत जात होता.

समुद्र होता इथं?
‘नाही पोरी, तळं होतं. गोडं पाणी.
मग लाव्हा आला.’
केव्हा?
‘साडेसहा कोटी,’ काका म्हणाले,
कंडक्टरनं तिकिटाचे पैसे सांगावेत तसं.
जेसीबीवाला वरून ओरडला,
ओ बाबाजी, बाजूला व्हा, पाय घसरंल!
पाय घसरला नाही.
मी मात्र उन्हात उभी राहून
कोरड्या दगडाचा वास घेतला, उगाच, खूप वेळ.

पोस्टात टोकन नंबर अठ्ठेचाळीस.
काउंटरवर मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.
पार्सलमध्ये काय आहे?
शंख.
कुठं पाठवताय?
मी पत्ता दाखवला.
त्यांनी गावाचं नाव वाचलं, परत वाचलं,
मागच्या माणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
नागपूरहून? समुद्रावर? शंख?
हो.
किंमत किती टाकू?

मागून रांग सरकायला लागली.
मला हमिदाची चिठ्ठी आठवली,
आणि तोंडात आलेलं उत्तर
त्यांच्या संगणकाला चालणार नव्हतं.
त्यांनी स्वतःच ‘दगड, एक नग’ असं टाइप केलं,
वजन केलं, शिक्का मारला.

मी काही बोलले नाही.
आतल्या चिठ्ठीवर मात्र
काल रात्री तीनदा गिरवून
मी शक्य तितकं वळणदार लिहिलं होतं:
‘टाकळी, नागपूर. आमच्याकडे हे वाहून आलं.
पाणी मागेच राहिलं.’